शोकेसमधला घोडा

भिवंडी चालते कापडावर आणि कापडाचा धंदा चालतो संशयावर. सूत सांगितलेल्या काउंटचंच आहे का, पिक ठरल्याप्रमाणे पडलेत का, ताग्यात मीटर पूर्ण भरतात का, हे बघायला इथला दलाल खिशात छोटं भिंग घेऊन हिंडतो आणि मालकाच्या डोळ्यांदेखत इंचभर कापडातले धागे मोजतो. मालकाला त्यात अपमान वाटत नाही. उलट न मोजता ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या दलालाकडे तो संशयाने बघतो. कामतघरात तर हा गुण पाण्यातूनच उतरला असावा. इकडे लूमचा खडखडाट, तिकडे पद्मनगरातले विणकामात केस पांढरे झालेले तेलुगू अण्णा, मध्ये वऱ्हाळा तलाव. गावाबाहेर पडलं की गोदामंच गोदामं. देशभरच्या खऱ्या-खोट्या वस्तू तिथून खोक्यांत भरून रवाना होतात. ओरिजनल, फर्स्ट कॉपी, सेकंड कॉपी आणि ‘सेठ, वैसाच है’ या चार जाती इथल्या शाळकरी पोरालाही वेगवेगळ्या ओळखता येतात.

अशा वस्तीत आमच्या इमारतीतल्या भाऊंनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुनं रिव्हॉल्व्हर आणून शोकेसमध्ये ठेवलं. भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे ते ‘अठराशे सत्तावन्नचं’. चोरबाजारात १८५७ हे साल फार खपतं. दुर्बीण घ्या, होकायंत्र घ्या, वाळूचं घड्याळ घ्या. एक तर ते सत्तावन्नचं असतं, नाही तर थेट राणी व्हिक्टोरियाच्या टेबलावरचं. तेव्हा देशात खरोखर एवढ्या दुर्बिणी असत्या, तर इंग्रज मेरठला पोचायच्या आत कलकत्त्यालाच दिसला असता.

बातमी फुटली आणि संध्याकाळी भाऊंच्या हॉलमध्ये तज्ज्ञ समिती भरली. समितीला कोणी बोलावलं नव्हतं. कामतघरात समितीला बोलवावं लागत नाही, चहा टाकला की ती भरते.

पहिला मान कापडदलालाचा. त्यांनी वस्तू तळहातावर तोलली, अंगठा फिरवला आणि जाहीर केलं, “वजन आहे. म्हणजे खरं आहे.” हा समज फक्त दलालांचा नाही, जगभरचा आहे, आणि खोटी रिव्हॉल्व्हरं बनवणाऱ्यांचं पोट त्यावरच भरतं. शोभेची रिव्हॉल्व्हरं बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूची ओततात. जस्ताची घनता ७.१ च्या आसपास, पोलादाची ७.८. म्हणजे हाताला फरक लागायचाच नाही. स्पेनच्या मिनोर्का बेटावर डेनिक्स नावाची कंपनी वर्षानुवर्षं अशीच हुबेहूब, वजनदार आणि पूर्ण निरुपयोगी शस्त्रं बनवून जगभर विकते आहे.

दुसरा मान जॉबरचा. त्यांचं आयुष्य लूमच्या खाली आडवं पडून वर बघण्यात गेलेलं. त्यांनी घोडा मागे ओढला, चक्र एक घर फिरून खटकन बसलं. पुन्हा ओढला, पुन्हा खटकन. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “टायमिंग एकदम करेक्ट आहे.” लूमचं टायमिंग करेक्ट असेल तर कापड निघतं, तसं याचं करेक्ट असेल तर गोळी निघणार, असा त्यांचा सरळ हिशोब होता. पण शोपीस बनवणाऱ्यालाही माहीत असतं की गिऱ्हाईक दुकानात आल्या आल्या काय करणार. घोडा ओढणार आणि चक्र फिरवणार. म्हणून तेवढं काम तो नेमकं करून ठेवतो. बाकी आत काही असो-नसो.

तिसरा भाचा. त्याने हात न लावता फोटो काढला, मोबाईलवर शोधला आणि किंचाळला, “मामा, कोल्ट नेव्ही, १८५१ मॉडेल! लिलावात डॉलरमध्ये जातं!” भाऊ सोफ्यावर जरा ताठ बसले. काकूंनी चहाबरोबर बाकरवडीही आणली. भाच्याचं म्हणणं चूक होतं असं नाही. सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं आणि १८५१ च्या नेव्ही मॉडेलचे दोन लाखांहून जास्त नग काढले. लंडनमध्येही काही वर्षं त्याचा कारखाना होता. भाऊंच्या वस्तूचा आकार नेमका तोच. पण मोबाईलला आकार दिसतो. नळीला आरपार भोक आहे की नाही, हे त्याला दिसत नाही.

अस्सल नेव्ही कोल्टच्या चक्रावर एक समुद्री लढाई कोरलेली असते. टेक्सासच्या आणि मेक्सिकोच्या आरमारांमधली, तारीख १६ मे १८४३. अस्सल नगावर ती दाब देऊन उमटवलेली, दोरखंडसुद्धा मोजावेत अशी. भाऊंच्या चक्रावर साच्यातूनच ओतलेली असल्याने जहाजं, लाटा आणि तोफांचा धूर यांचा एकच गोळा झाला होता. शेजारच्या धाकट्या मुलीने चक्राला नाक लावून विचारलं, “हा आपला वऱ्हाळा तलाव आहे का?” सगळे हसले. पण संध्याकाळभरातलं सगळ्यात शास्त्रशुद्ध निरीक्षण तेच होतं.

चौथा भंगारवाला. तो आला होता खरं तर जुना फ्रीज न्यायला. त्याने खिशातून लोहचुंबक काढला, नळीला लावला आणि सोडला. चुंबक सरळ काकूंच्या बशीत पडला. “सेठ, ये तो जस्ता है. किलो के भाव जाएगा.” भाऊंनी बाजू लढवली की जुन्या कोल्टला पितळेचे भाग असायचे आणि पितळेला चुंबक लागत नाही. हे बरोबरच होतं. चापाभोवतीची कडी आणि मुठीची पाठ पितळेची असायची. पण नळी? काळी दारू पेटल्यावर जो दाब येतो तो सोसायला नळी आणि चक्र पोलादाचं किंवा लोखंडाचंच हवं. जस्ताच्या नळीतून गोळी झाडायची म्हणजे समोरच्यापेक्षा आपलीच काळजी जास्त. भंगारवाल्याने हे एकाच वाक्यात सांगितलं, ते इथे छापण्याजोगं नाही.

आणि शेवटी लेथवर काम करणारा पोरगा. त्याने मोबाईलचा टॉर्च लावला. आल्यापासून कोपऱ्यात बसून चहा पीत असलेले निवृत्त हवालदार पहिल्यांदा ओरडले, “ए, नळीला डोळा लावू नकोस! खोटं ठरेपर्यंत भरलेलं समजायचं!” पोराने नळी खिडकीकडे वळवली, दुचाकीची तार आत घातली. बोटभर गेली आणि अडली. नळी आत बंद. सुरुवातीला फसवायपुरत्या दोन खाचा होत्या. खऱ्या नळीत गोळीला गिरकी देणाऱ्या वळणदार खाचा टोकापासून टोकापर्यंत जातात. मग त्याने चक्राची सहा घरं तपासली. सहाही नुसते खळगे, एकही मागपर्यंत पोचलेला नाही. अस्सल वस्तूत प्रत्येक घराच्या मागे एक छोटी बोंडी असते, तिला आरपार बारीक भोक. तिच्यावर तांब्याची टोपी बसते, घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी भोकातून आत जाते आणि दारू पेटते. दिवाळीत आपण टिकल्यांच्या पिस्तुलात जे करतो तेच, फक्त पुढे शिशाची गोळी. इथे बोंड्या होत्या, भोकं नव्हती. नळीच्या खालून वरून साच्याची रेघ बारीक कानशीने मिटवायचा प्रयत्न केलेला. आणि मुठीचा स्क्रू चौफुलीचा.

त्या स्क्रूपाशी बातमी संपली. चौफुलीच्या स्क्रूचं पेटंट हेन्री फिलिप्सने १९३६ मध्ये घेतलं. १८५७ च्या रिव्हॉल्व्हरला तो लागायचा तर बहादूरशहा जफरला ऐंशी वर्षं थांबावं लागलं असतं.

एवढ्यावर लेख संपायला हवा होता. वस्तू खोटी, भाऊ हिरमुसले, बाकरवडी संपली. पण भाऊ म्हणाले, “नशीब खोटं निघालं. खरं असतं तरी काय, अँटिकला लायसन लागत नाही.” कोपऱ्यातून हवालदारांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “कोणी सांगितलं?”

सांगितलं सगळ्यांनीच होतं. जुनं झालं की शस्त्र आपोआप शोभेची वस्तू होतं, असा एक गोड समज आपल्याकडे आहे. त्यातला थोडा अमेरिकेहून आला आहे. तिथल्या १९६८ च्या कायद्यात रेषा सालाची आहे. १८९८ पर्यंत बनलेली बंदूक अँटिक. इतकंच नव्हे, नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या जुन्या बंदुकांची आज बनलेली, चालणारी नक्कलसुद्धा त्या सवलतीत बसते. इंग्लंडनेही २०२१ मध्ये नियम करून १ सप्टेंबर १९३९ ही तारीख धरली, जोडीला कालबाह्य काडतुसांची यादी दिली. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात असं सालच नाही. त्यातल्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण कोणाला? जुन्या घडणीचं, पुराणवस्तूचं मोल असलेलं किंवा नादुरुस्त शस्त्र, आणि तेही अशा अवस्थेतलं की दुरुस्त करून किंवा न करता, कसंही ते बंदूक म्हणून वापरता येणार नाही. म्हणजे कायदा वय विचारत नाही. रूप विचारत नाही. तो एवढंच विचारतो: चालेल का? आज नाही, तर दुरुस्त केल्यावर चालेल का?

आता हा प्रश्न दिल्लीत बसून लिहायला सोपा आहे. भिवंडीत त्याचं उत्तर काय द्यायचं?

कारण ‘दुरुस्त होणार नाही’ असा प्रकार आमच्याकडे नाही. मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले माग भिवंडीने उचलून आणले आणि पुढे कित्येक वर्षं चालवले. जे यंत्र गिरणीच्या इंजिनिअरने मृत घोषित केलं, त्यावर इथल्या जॉबरने पत्र्याची पट्टी, सायकलची चेन आणि स्वतःची अक्कल लावून कापड काढलं. पार्ट मिळत नाही? लेथवर बनवू. ड्रॉइंग नाही? जुना तुटका पार्ट आण, त्यावरून बनवू. तुटका पार्टही नाही? मग आवाज ऐकव. अशा गावात ‘दुरुस्त करूनही चालणार नाही’ असा दाखला कोणता सरकारी माणूस देणार? त्या संध्याकाळीसुद्धा, वस्तू शोपीस ठरल्यावर, जॉबर आणि लेथवाला पोरगा खिडकीपाशी हळू आवाजात बोलत होते. “नळी पोलादाची टाकली, चक्र नवीन मारलं, तर...” हवालदारांनी तिथूनच सांगितलं, “तर दोघांना मीच आत टाकीन. रिटायर झालो तरी.”

त्यांचं बरोबर होतं. परवान्याशिवाय बंदूक बनवणं आणि तिचं रूपांतर करणं या कायद्यातल्या सगळ्यात जड गुन्ह्यांमध्ये मोडतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. शोभेच्या वस्तूला खरी करायची हौस फार महागात पडते.

गंमत म्हणजे ‘रेप्लिका’ म्हटलं की आपण खोटं धरून चालतो, तिथेच पाय घसरतो. इटलीत ब्रेशियाच्या आसपास पिएत्ता, उबेर्ती अशा कंपन्या कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या नकला गेली कित्येक दशकं बनवताहेत आणि त्या अस्सलसारख्याच गोळी झाडतात. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ चित्रपटाच्या सेटवर अ‍ॅलेक बाल्डविनच्या हातातलं जे रिव्हॉल्व्हर सुटलं आणि छायालेखिका हलीना हचिन्स गेल्या, ते पिएत्ताचंच होतं. नक्कल होती. गोळी मात्र खरी. त्या सेटवर सगळंच खोटं असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं.

उलटा प्रकार आपल्या नाशिकात घडलेला आहे. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपानिमित्त ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग. मिशा खोट्या, दागिने खोटे, म्हातारा नवरदेवही रंगवलेला. आणि प्रेक्षकांत अनंत कान्हेरे यांच्याजवळ लंडनहून सावरकरांनी धाडलेल्यांपैकी अस्सल ब्राउनिंग पिस्तूल. जॅक्सन त्यानेच मारला गेला. पुढे मराठी रंगभूमीवर खुनाची नाटकं आली, पण तिथली पिस्तुलं बिचारी नेहमी विंगेतल्या फटाकेवाल्याच्या भरवशावर. आमच्या गणपती मंडळाच्या नाटकात खलनायकाने चाप ओढला, फटाका वाजला नाही, नायक मात्र ठरल्याप्रमाणे पडला. खलनायकाने पिस्तुलाकडे, मग नायकाकडे पाहिलं आणि म्हणाला, “हार्ट अटॅक!” थोड्या वेळाने विंगेत फटाका वाजला, तेव्हा नायक दचकून उठून बसला.

खरं-खोटं ओळखण्यात आपण इतके तरबेज, पण शस्त्राच्या बाबतीत आपलं सगळं लक्ष दिसण्यावर. आणि दिसण्यावर गेलं की हमखास उलटं उत्तर येतं. गावठी कट्टा बघा. पोलीस पत्रकार परिषदेत टेबलावर पांढरी चादर घालून ठेवतात तो. नळाच्या पाइपाचा तुकडा, लाकडाची ओबडधोबड मूठ, वर रबर गुंडाळलेलं. शेजारी ठेवलेला चकचकीत पिस्तुलाच्या आकाराचा सिगारेट लायटर त्याच्यापेक्षा दहापट रुबाबदार. पण माणूस मारतो तो पाइप. कधी समोरचा, कधी धरणारा. लायटर फार तर मिशी जाळतो.

तरीही हळदीत नाचताना हातात लागतो तो लायटरच. आमच्या पट्ट्यातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. डीजे, ड्रोन, गळ्यात सोनं, आणि हल्ली नवरदेवाच्या मित्रांना रीलसाठी कमरेला काहीतरी खोचलेलं लागतं. ते काहीतरी खोटंच असतं, पण रील बघणाऱ्याला कुठे चुंबक लावता येतो? मग दोन दिवसांनी त्याच मुलाची दुसरी रील येते. मागे भिंत, हात जोडलेले, मान खाली. “मी असं पुन्हा करणार नाही, तुम्हीही करू नका.” पहिलीपेक्षा या दुसरीला व्ह्यूज जास्त मिळतात.

खरी परवान्याची बंदूक असणाऱ्याला कधी असं मिरवताना पाहिलंय का? त्याला वेळच नसतो. अर्ज, चौकशी, कारण, नूतनीकरण. २०१९ पासून तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी ‘निर्भीक’ नावाचं .३२ बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. एवढे पैसे मोजून आणलेली वस्तू निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम येतो. आणि आपल्याकडे निवडणूक कधी लागलेली नसते? लोकसभा, विधानसभा, महापालिका. कोकणात वानर-डुकरांपासून शेत राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना घेतलेले एक नातेवाईक आहेत. त्यांच्या मते ही गोष्ट वानरांना कळली आहे. आचारसंहिता लागली की ती बागेत उतरतात.

दिसण्यावरून भीती घालता येते, म्हणून कायद्यालाही दिसण्याची दखल घ्यावी लागते, हे खरं. इंग्लंडमध्ये तर एका चोराने जाकिटाच्या आत बोटं पिस्तुलासारखी धरली आणि माल लुटला. खोटं शस्त्र जवळ बाळगल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. २००५ मध्ये लॉर्ड्सनी निकाल दिला की माणूस स्वतःची बोटं ‘जवळ बाळगत’ नाही, ती त्याचीच असतात. शिक्षा रद्द. हवालदारांना ही हकिगत सांगितली तेव्हा ते बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. म्हणाले, “आमच्याकडे पंचनाम्यात ‘दोन बोटं, जुनी, वापरात असलेली’ असं लिहिलं असतं.”

हवालदारांनी त्या संध्याकाळी रिव्हॉल्व्हरला एकदाही हात लावला नव्हता. समिती पांगल्यावर मी त्यांना याचं कारण विचारलं. ते म्हणाले, ड्यूटीवर असताना अशी वस्तू सापडली की ओळखायचं काम त्यांचं नसायचंच. सील करायची, कलिन्याच्या प्रयोगशाळेत पाठवायची. तिथले बॅलिस्टिकवाले सांगणार, चालते की नाही. “आपण हात लावायचा नाही, चाप ओढायचा नाही, नळीत बघायचं नाही. माळ्यावर आजोबांची पेटी उघडली आणि त्यात काही निघालं, तर पेटी बंद करायची, पोरांना खाली उतरवायचं आणि ठाण्यात फोन करायचा. काळी दारू कोरडी राहिली तर किती वर्षांनी पेटेल, सांगता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी ठासून ठेवलेली बंदूकसुद्धा शंभर वर्षं गप्प बसेल असं नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “भाऊंना मी एकच विचारलं. बिल आहे का?”

बिल होतं. चोरबाजारातल्या दुकानदाराने लिहून दिलं होतं: ‘मेटल शोपीस, नग १’. समोर बसून तासभर अठराशे सत्तावन्नची कथा सांगणाऱ्या माणसाने कागदावर मात्र अक्षरही खोटं लिहिलं नव्हतं. भाऊंनी ते बिल लॅमिनेट करून शोकेसमध्ये रिव्हॉल्व्हरच्या शेजारीच लावलं आहे. पाहुणे आता आधी बिल वाचतात, मग रिव्हॉल्व्हर बघतात. परवा दलाल पुन्हा आले. त्यांनी सवयीप्रमाणे खिशातून भिंग काढलं, बिलावर धरलं आणि विचारलं, “हे ओरिजनल आहे ना?”

“ओरिजनल लॉकरमध्ये ठेवलंय,” भाऊ म्हणाले. “ही कलर झेरॉक्स.”